डावीकडून पहिली जागा

मागं न बघता मागं सरकणं हा आमच्या घरचा धंदा. लग्नात वरात पुढं येते आणि फोटोग्राफर तिच्यासमोर उलटा चालतो, डोळा कॅमेऱ्याला आणि पाठ जगाकडं. पाठीमागं गटार आहे, वायर आहे की तापलेली कढई, त्याला काही कळत नाही. म्हणून त्याच्या मागं एक माणूस लागतो. अप्पांच्या मागं मी दहाव्या वर्षापासून होते. माझा तळवा त्यांच्या पाठीवर असायचा. नुसता टेकलेला असला की चाला, दाबला की थांबा. बँडच्या आवाजात बोलून तसाही उपयोग नसायचा.

एकदाच चुकले. मैंदर्गीच्या एका लग्नात मी जिलेबीपाशी रेंगाळले आणि अप्पा कॅमेऱ्यासकट हुग्गीच्या पातेल्यात बसले. गव्हाची ती खीर निवलेली होती म्हणून बरं. अख्खा मांडव हसला, अप्पाही हसले. घरी येताना एवढंच म्हणाले, "हात काढायचा न्हाय." ही गोष्ट आमच्याकडं दर सणाला निघते आणि मीही हसते. पण पातेल्याच्या जागी दुसरं काही असतं तर, हे माझ्या मनातून आजवर गेलेलं नाही. मी भित्री आहे, आधीच सांगून टाकते. मी ओरडते म्हणून लोक मला खमकी समजतात.

भवानी पेठेतला स्टुडिओ आता मी सांभाळते. अप्पा पासपोर्ट फोटो तेवढे काढायचे. गेल्या वर्षी त्यांच्या फोटोंत गिऱ्हाइकांचे कान कापले जायला लागले. एकाचा, मग दुसऱ्याचा. आधी मी चिडले, मग टोमणे मारले, आणि एके दिवशी ते दाराच्या चौकटीला खांद्यानं धडकले तेव्हा मी त्यांना दवाखान्यात नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर गेलेली, मधली तेवढी शिल्लक. डॉक्टरांचं एक वाक्य मला अजून झोपू देत नाही. म्हणाले, "यांना कडेला काळं दिसत नाही. तिथं काय असेल ते मेंदू आपलं आपण भरून टाकतो. त्यामुळं माणसाला वाटतं, मला सगळं दिसतंय."

दवाखान्याच्या पायरीवर अप्पांनी माझ्याकडून वचन घेतलं. "घरात सांगायचं न्हाय. आईला न्हाय, तुज्या भावाला न्हाय. डोळा गेला म्हणलं की लोक हातातला कॅमेरा काढून घेत्यात आन् जपमाळ देत्यात."

मी व्हय म्हणाले. तेव्हापासून मी त्यांची सावली झाले. जिन्यावर मागं, रस्त्यावर मागं, पिठाच्या गिरणीला जातानाही मागं. आई म्हणायची, "ह्या पोरीला काय झालंय, बापाच्या शेपटागत फिरतीया." मी काहीतरी खेकसून वेळ मारून न्यायचे.

दिवाळीनंतर धाकटा भाऊ पुण्याहून बायकोमुलीला घेऊन आला. पुतणीला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, म्हणून त्यानं सगळ्यांना नव्या फूड हॉलमध्ये न्यायचं ठरवलं. सहाव्या मजल्यावर गच्ची, तिथून तळं दिसतं, किल्ला दिसतो, फोटो फार भारी येतात म्हणे. आणि निघताना त्यानं अप्पांच्या हातात खोकं ठेवलं. आत नवाकोरा कॅमेरा. अप्पांचे डोळे भरून आले. माझ्या मनात आलं, मुलानं बापाला याहून वाईट भेट देऊ नये. आणि असं मनात आलं म्हणून माझी मलाच लाज वाटली.

गेल्या गेल्या मी गच्ची फिरून आले. सगळे स्टॉल बघत होते, मी कठडा बघत होते. तीन बाजूंना छातीएवढी काच होती. पश्चिमेला काम राहिलेलं. तिथं कुंड्या मांडून एक पिवळी दोरी बांधली होती, गुडघ्याच्या जरा वर. खाली वाकून पाहिलं तर रिक्षा अगदी बोटाएवढ्या. तिथल्या माणसाला म्हटलं, हे काय? तो म्हणाला, "मॅडम, तिकडं कुणी जात न्हाय की. व्ह्यू तळ्याकडं हाय."

पुतणीनं मोमो मागवले, भावानं पिझ्झा. आईनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मागवली आणि ती कशी बिघडवलीय हे सगळ्या टेबलाला ऐकवलं. अप्पा काही खात नव्हते. कॅमेरा पुसत होते, उचलून बघत होते, पुन्हा पुसत होते. मी घास गिळत होते, पण चव लागत नव्हती. आजूबाजूला जो तो ताटाचे आणि स्वतःचे फोटो काढत होता. सूर्य कलला तसे अप्पा उठले. "चला. आता उजेड लई चांगला हाय. ग्रुप काढू."

मीही उठले, त्यांच्या मागं जायला. भावानं माझा दंड धरला. "अक्का, आज तूबी फोटोत. कायम मागंच असतीस. आमच्या एकाबी फोटोत तू न्हाईस."

"नको रे, मला सवय आहे..."

"आज न्हाय ऐकणार."

अप्पाही म्हणाले, "यिऊ दे की तिला." आणि स्वतःच्या हातानं सगळ्यांना उभं केलं. मध्ये पुतणी, तिच्या एका अंगाला भाऊ आणि वहिनी, दुसऱ्या अंगाला आई, आणि आईशेजारी टोकाला मी. "तू हितं. डावीकडून पयली. हलायचं न्हाय." माझी ओढणीसुद्धा नीट केली. किती दिवसांनी ते असे खुशीत होते. मी तोंड उघडलं असतं तर तो आनंद तिथंच संपला असता, सगळ्यांसमोर. मी सांगितल्या जागी उभी राहिले.

आमच्या पाठीशी तळं. तोंडावर ऊन. म्हणजे अप्पांच्या पाठीशी पश्चिम. हे मला उभं राहिल्यावर कळलं. उन्हानं त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसती काळी आकृती दिसत होती. ती कॅमेरा डोळ्याला लावून मागं सरकायला लागली.

एक पाऊल. "जवळ या जरा." आणखी एक. "तळं सगळं आलं पायजे." स्टुडिओत स्टुलापासून भिंतीपर्यंत त्यांची सात पावलं होत. सातव्याला पाठ भिंतीला टेकायची आणि ते थांबायचे. इथं सातव्या पावलाला भिंत नव्हती. पाचवं पडलं. भाऊ हसत होता. ओरडावं तर दचकून तोल जाईल, ही भीती. न ओरडावं तर... मी जागा सोडली. ओळीच्या बाजूनं, कडेकडेनं पळत, खुर्च्या चुकवत त्यांच्या मागं गेले. कुंडीला माझा गुडघा आपटला. त्यांची टाच दोरीपासून हातभर असेल. मी तळवा पाठीवर ठेवला आणि दाबला.

ते जागच्या जागी थांबले. त्या हाताची त्यांना इतकी सवय होती, की तो कुणाचा, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

मला वाटलं, संपलं, वाचलो. तेवढ्यात अप्पा कॅमेऱ्यातून बघत मोठ्यानं म्हणाले, "डावीकडं टोकाला, बाय, हस की जरा. किती घाबरल्यागत उभी हाईस!"

ओळीतलं कुणी हललं नाही. आईनं मान वळवून आपल्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं पाहिलं. भावाचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं आणि मग ते गेलं.

"हां," अप्पा म्हणाले. "आता कशी छान दिसतीस." आणि बटण दाबलं.

कॅमेरा खाली आला. मग त्यांची पाठ माझ्या तळव्याखाली ताठ झाली.

"मागं कोण हाय?"

"मी, अप्पा."

त्यांनी पुन्हा ओळीकडं पाहिलं. स्टॉलवरचं गाणं चालूच होतं.

"मग तितं कोण हाय?"

"तितं कुणी न्हाय, अप्पा."

आई आली. तिनं अप्पांचं कोपर धरून त्यांना दोरीपासून आत घेतलं, आणि कॅमेऱ्याचा सुटलेला पट्टा त्यांच्या गळ्यात नीट अडकवला. भाऊ मात्र माझ्यावर ओरडला, कधीपासून माहीत होतं म्हणून. मी उलट ओरडले नाही.

तो फोटो चांगला आलाय. उजेड तोंडावर, मागं सगळं तळं, कुठं काही कापलेलं नाही. आई शेजारी बघतेय, भाऊ गोंधळलेला, आणि डावीकडं एका माणसाएवढी जागा. मला तो पुसून टाकायचा होता. अप्पांनी मोठा करून मागितला. हातात धरून, मान थोडी थोडी फिरवत, त्यांनी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला, आणि त्या जागेवर बोट ठेवलं.

"हितं हुतीस तू," म्हणाले. "मी बगितलं तुला."

"व्हय, अप्पा," मी म्हणाले. माझा हात त्यांच्या पाठीवर होता.