चाळीस दिवसांचं पथ्य

माझ्या फोनवर रोज सकाळी कुणी ना कुणी कॅन्सर बरा करतं. कुणी हळदीने, कुणी कलौंजीने, कुणी साखर सोडून. परवा तर माझ्या नातवाच्या सासऱ्यांनी, शिकलेला माणूस, कसल्याशा गोळ्यांच्या डबीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत.' मी अशांना उत्तर देत नाही. द्यायला बसले तर साठ वर्षं मागे जाऊन दुबईपासून सुरुवात करावी लागेल, आणि तेवढा वेळ कुणाला आहे? म्हणून इथे लिहिते.

तेव्हाची दुबई म्हणजे खाडीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं एक गाव. खाडीवर पूल नव्हता, पलीकडच्या काठावरच्या देऱ्याला जायचं तर अबऱ्यात, म्हणजे तिथल्या होडीत, बसायचं. रस्ते वाळूचे. प्यायचं पाणी गाढवावरून डब्यांत यायचं. आम्ही रत्नागिरीकडचे. माझे मोठे दीर आणि माझे मियाँ मिळून कापडाचं दुकान चालवत. दुकानामागे दोन खोल्या आणि मध्ये अंगण, एवढं आमचं बिऱ्हाड. मी लग्न होऊन आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. माझी जाऊ बत्तिसाची. मी तिला भाबी म्हणायची. स्वयंपाक, अरबी, बाजारहाट, आणि नवऱ्याशी न भांडता आपलं म्हणणं कसं पुढे रेटायचं, सगळं मला तिने शिकवलं. शेवटचं मला नीट जमलं नाही.

एका शुक्रवारी न्हाताना तिच्या हाताला उजव्या छातीत गाठ लागली. सुपारीएवढी. तिने मला बोलावून माझा हात त्यावर ठेवला आणि विचारलं, तुझ्याकडे असं काही आहे का. माझ्याकडे नव्हतं.

गावात एकच इस्पितळ होतं. तिथल्या डॉक्टरने तपासलं, दिरांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की इथे यावर काही होणार नाही, पहिली आगबोट मिळेल तिने बाईंना मुंबईला न्या आणि कापून काढा. दीर मान हलवत राहिले.  घरी आल्यावर ओट्यावर बसून त्यांनी भाबीला सांगितलं की गाठीला लोखंड लागू द्यायचं नाही. लोखंड लागलं की गाठ चवताळते आणि सगळ्या अंगात पसरते. त्यांच्या आईचं तसंच झालं होतं. मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं आणि चार महिन्यांत ती गेली. तिची गाठ तेव्हा नारळाएवढी झाली होती आणि फुटली होती, हे मात्र ते सांगत नसत. मला ते भाबीने सांगितलं.

ते वाईट माणूस नव्हते. मला त्यांच्यावर इतका राग आला आहे आयुष्यात, तरी हे लिहावंच लागेल. ते घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला कुणी पथ्य सांगितलं की त्याला हातात काहीतरी आल्यासारखं वाटतं.

पथ्य सांगणारे काय, रांग लावूनच उभे होते. आपल्या लोकांत एकाला ताप आला की दहा घरांतून काढे येतात. देऱ्याच्या अत्ताराने काळं जिरं दिलं, तिथे त्याला हब्बा सौदा म्हणतात. डोंगरातला मध आला. वाळवंटातली एक बाई एक दिवसाआड सांडणीचं दूध आणून देऊ लागली. गावाहून येणारा प्रत्येक माणूस कुणीतरी बांधून दिलेली पुडी घेऊन यायचा, आणि एवढा समुद्र ओलांडून आलेली पुडी नको कशी म्हणायची? शेवटी, यात दोन महिने गेल्यावर, आमच्याच जमातीतल्या एका बुजुर्गांनी सगळं एकत्र करून मांडून दिलं. जवाची पेज, त्यात काळं जिरं आणि मध, वर दूध. सोबत फार तर अळणी भाकरी. मीठ नाही, साखर नाही, मटण नाही, मासळी नाही. चाळीस दिवस. आणि मध्ये एकदा जरी मोडलं, तर पुन्हा पहिल्या दिवसापासून.

या शेवटच्या अटीने आमचा घात केला. पहिल्या खेपेला सतराव्या दिवशी शेजारच्या बाळाच्या अकिक्याच्या, म्हणजे जावळाच्या, जेवणात कुणीतरी आग्रहाने सरबताचा घोट पाजला. पुन्हा एक. दुसऱ्या खेपेला एकतिसाव्या दिवशी मी चूक केली. भाकरीच्या पिठात सवयीने मीठ टाकलं आणि त्यातलीच एक तिच्या ताटात गेली. तिने एक घास खाल्ला आणि डोळे मिटून चावत राहिली. तिला कळलं होतं. माझ्याकडे बघून ती पुढचा घास घेणार, तेवढ्यात दिरांनी स्वतःच्या ताटातला तुकडा तोंडात टाकला आणि ओरडून ताट उचलून नेलं. पुन्हा एक. मला त्यांनी आठवडाभर हाक मारली नाही. मीसुद्धा रात्रंदिवस स्वतःला शिव्या दिल्या, की माझ्या हाताने भाबीचे एकतीस दिवस गेले. एकतीस दिवस खरोखरच गेले होते, पण मिठामुळे नव्हे. दर आठ-दहा दिवसांनी समुद्रात आगबोट येऊन उभी राहायची आणि भाबीला न घेता निघून जायची, हे मोजायचं आम्हाला कुणालाच सुचलं नाही.

भाबी वाळत चालली. हाडं दिसायला लागली. ते बघून शेजारणी म्हणायच्या, बघा, अंगातलं वाईट निघून चाललंय. गाठ मात्र वाळत नव्हती. ती आता लिंबाएवढी झाली होती, आणि हे फक्त मला माहीत होतं, कारण दर शुक्रवारी ती माझा हात तिथे ठेवायची.

तिसऱ्या खेपेचा बारावा दिवस होता. दुपारी सुरमईचं कालवण केलं होतं. दीर आणि माझे मियाँ जेवायला बसले होते. भाबीने आपला पेजेचा वाडगा माझ्या हातात दिला, टोपातून स्वतःच्या हाताने कालवण वाढून घेतलं, तुकडा घेतला, डोक्याकडचा, तिच्या आवडीचा, आणि नवऱ्याच्या समोर बसून जेवायला लागली.  तिने काटे काढून बाजूला ठेवले, बोटं चाटली आणि म्हणाली, "परहेज मोडलं. खलास. आता पुन्हा एकपासून मोजायचं नाही. मी येत्या आगबोटीने चाललेय, तुम्ही येता का सांगा."

दीर म्हणाले, "मरायला चाललीस."

"मग जेवून तरी चाललेय," ती म्हणाली.

मला हसू आलं आणि रडूही आलं. माझे मियाँ, जे मोठ्या भावापुढे कधी मान वर करत नसत, ते हात धुऊन सरळ बोटीच्या एजंटाकडे गेले आणि दोन तिकिटं घेऊन आले. एक भाबीचं, एक माझं. भाबीची दोन मुलं शेजारच्या खालांकडे ठेवली. आणि लोकांना काय सांगायचं? तर भाबीच्या माहेरी लग्न आहे. छातीचं ऑपरेशन म्हणजे ज्याच्या-त्याच्या तोंडी छाती, ते आमच्या घरात कुणालाच चालणारं नव्हतं. तेव्हा मलाही त्यात काही गैर वाटलं नाही.

आगबोट खाडीत येत नसे. बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि लाँचमधून तिच्यापर्यंत जायचं. दीर काठावर आले. भाबीकडे त्यांनी पाहिलं नाही. माझ्या हातात जवाच्या पिठाचा मोठा डबा दिला आणि म्हणाले, निदान हे तरी चालू ठेव. मस्कत मागे पडल्यावर भाबीने तो डबा कठड्यावरून समुद्रात उपडा केला आणि रिकामा डबा धुऊन त्यात आमचे दागिने ठेवले.

मुंबईत तिची पूर्ण छाती काढली, काखेपर्यंत. मग महिनाभर विजेचे शेक. कातडी भाजल्यासारखी काळी पडली. हात वर होईना. डॉक्टरीण म्हणाली की पाच महिने आधी आला असतात तर एवढं कापावं लागलं नसतं, पण अजून हाताबाहेर गेलेलं नाही. तीन महिन्यांनी आम्ही परत दुबईला आलो. दीर लाँचपर्यंत धावत आले. त्यांनी बायकोला जिवंत बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "जव घेतलेस ना?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्या तीन महिन्यांत ते अर्धे झाले होते.

"घेतले," ती म्हणाली.

मायेपोटी एक शब्द बोलली, आणि तो आम्हाला फार महाग पडला. कारण भाबीला गाठ होती हे सगळ्यांना माहीत होतं, पुड्या त्यांनीच पाठवल्या होत्या. ऑपरेशन कुणालाच माहीत नव्हतं. मग गाठ गेली कशी? जवाने गेली. दीर खोटं बोलत नसत. त्यांनी मनाशी हिशेब लावला होता की ऑपरेशन झालं ते झालं, पण ती वाचली ती पथ्याने, नाहीतर ऑपरेशन होऊनही त्यांची अम्मा का वाचली नाही? आणि ऑपरेशनचं तर बोलायचंच नव्हतं. राहिले जव. दोन वर्षांत आमचं अंगण म्हणजे दवाखाना झालं. शारजा, अजमानहून लोक यायचे. दीर कुणाकडून काही घेत नसत. पीठ बांधून द्यायचे, अटी समजावायचे, मोडलं तर पुन्हा एकपासून, आणि वर दुआ करायचे. पीठ कोण दळायचं? मी. जात्यावर बसून मी ते दळलं आहे, तोंड मिटून. भाबी आत ओढणी गच्च लपेटून, कापडाची गुंडाळी उजवीकडे खोचून वावरायची.

मग शारजाहून एक बाई आली. रायगडकडची, माझ्याच वयाची, कडेवर तान्हं मूल. नवरा बाहेर दिरांपाशी बसला आणि ती आत आमच्याकडे आली. तिचा दुसरा चाळीसा चालू होता आणि बाविसाव्या दिवशी चुकून कैरीचं लोणचं तोंडात गेलं होतं. ती रडत होती. "माझीच चूक," पुन्हा पुन्हा म्हणत होती. तुमचं बघा कसं झालं, तुम्ही मन मारलंत, मला जमत नाही.

भाबीने दाराला कडी लावली. कमीज वर केला, कापडाची गुंडाळी काढून माझ्या मांडीवर टाकली आणि त्या बाईचा हात धरून त्या वेड्यावाकड्या, काळ्या, सपाट जागेवर ठेवला. "हा माझा इलाज," ती म्हणाली. "जव मी समुद्रात टाकले. रडतेस काय गो, आगबोट बुधवारी आहे."

ती बाई गेली त्या बोटीने. पण तिची गाठ भाबीच्या गाठीसारखी थांबली नव्हती. वर्षभराने तिच्या गावाहून आलेल्या माणसाने ती गेल्याचं सांगितलं. जुम्म्याची दुपार होती, आमच्या अंगणात जमातीतले सात-आठ पुरुष बसले होते, ते बुजुर्गसुद्धा. सगळ्यांनी तिच्यासाठी दुआला हात उचलले. मग दिरांनी उसासा टाकला आणि मनापासून, खरोखर वाईट वाटून म्हणाले, "बिचारीचं परहेज मोडलं होतं."

मी आणि भाबी पडद्यामागे चहा गाळत होतो. तिने गाळणं खाली ठेवलं. मी तिचा हात धरायला गेले, तिने तो सोडवून घेतला. परक्या पुरुषांसमोर तिने कधी आवाज वर केला नव्हता. पडदा बाजूला सारून ती उंबऱ्यात उभी राहिली आणि चढ्या आवाजात बोलली, बाहेर रस्त्यापर्यंत स्पष्ट ऐकू येईल असं.

"तिने काही मोडलं नव्हतं. तिला उशीर झाला, आणि तो आमच्या घराने केला. माझी गाठ जवाने गेली नाही. मुंबईला माझी छाती कापून टाकली आहे, उजवी, पूर्ण. हे यांना माहीत आहे, माझ्या जावेला माहीत आहे, आता तुम्हालाही माहीत झालं. जव पोटाला चांगले असतात. खा. पण कुठल्या बाईला माझं नाव सांगून देऊ नका."

पुरुषांनी माना खाली घातल्या. त्या बुजुर्गांनी चपला शोधल्या. दीर जागचे हलले नाहीत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लिहिणार नाही, त्यांच्या वाट्याचं त्यांनी भोगलं. भाबी आत आली आणि थंड झालेला चहा तिने उभ्या उभ्या पिऊन टाकला.

जमातीत महिनाभर कुणी आमच्याकडे फिरकलं नाही. बेशरम बाई म्हणाले. म्हणोत. पीठ मागायला पुन्हा कुणी आलं नाही, आणि मी त्यासाठी पुन्हा जात्यावर बसले नाही. मग एका दुपारी, पुरुष दुकानात असताना, एक बाई आली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत बसली. नंतर दुसरी आली, देऱ्याहून, अबऱ्याने, एकटीच. त्यांना काय विचारायचं असे ते भाबी त्यांना बोलायलाच लावत नसे. उठायची, दाराला कडी लावायची आणि म्हणायची, "दाखव."