अप्पांनी सांगितलेला ‘वितंडवाद’

मंडळी, आज सकाळी लेकीशी वाजलं. दहावीनंतर पुण्याला शिकायला जा म्हटलं, तर ती माझा प्रत्येक मुद्दा खोडत होती. मी चिडून म्हणाले, "हा वितंडवाद झाला!"

"म्हणजे?"

एकदम माझे वडील आठवले. ब्याण्णव साली नाशिक रोडच्या क्वार्टरमध्ये मी एकेक स्थळ नाकारत होते, तेव्हा अप्पा म्हणाले होते, "वितंडा हा संस्कृत शब्द. दुसऱ्याचं नुसतं खोडायचं, स्वतःचं काहीच मांडायचं नाही. तुझं म्हणणं काय, ते सांग ना पोरी."

आई गेल्यावर त्यांना एकटं सोडवत नव्हतं, पण ते सांगायचं सोडून मी पुढच्या स्थळातही खोट काढली.

लेकीला अर्थ सांगितला. ती हळूच म्हणाली, "आई, मला तुझ्याशिवाय नाही करमणार."

अप्पांना जाऊन आठ वर्षं झाली. एवढंच एक वाक्य मीही बोलायला हवं होतं. तुमचं असं कुणाला काही सांगायचं राहिलंय?