सुमनताईंनी परत आणलेलं चीवर

सुमनताईंनी एका भिक्खूला दान द्यायला नकार दिला होता.

बँकॉकमध्ये. भर विहारात. आम्हा सगळ्यांच्या देखत.

आज सकाळी ताई गेल्या. नाशिकरोडच्या कितीतरी घरांतली पोरं त्यांच्या हातांवर जन्मली. मॅटर्निटी हॉस्पिटलच्या नर्स म्हणून त्यांना सगळे ओळखतात, त्यावर आज बरेच जण लिहितील. मी थायलंडचं लिहितो.

वीसेक वर्षांपूर्वी आमच्या विहारातले काही जण मिळून गेलो होतो. निघण्याआधी महिला मंडळाच्या बायकांनी एक चीवर शिवलं. भिक्खूंचं वस्त्र, तुकडे जोडून शिवतात ते. तिथल्या भिक्खूंना द्यायचं काम ताईंकडे.

ताईंनी ते विमानात मांडीवर घेतलं. एअर होस्टेसने वर ठेवा म्हटलं, तर म्हणाल्या, "नाय, हे असंच येईल."

थायलंड बघून मी गप्प झालो होतो. माझ्यासारखा माणूस गप्प होतो म्हणजे बघा.

एकावर एक उतरत्या छपरांची विहारं. टोकाला आकाशात वळलेली सोनेरी शिंगं. फुटक्या चिनीमातीच्या कपच्या लावून फुलं केलेले स्तूप. आपण फुटकी बशी फेकून देतो, त्यांनी तिची पाकळी केली.

बुद्धाच्या मूर्तीला लोक सोन्याचा वर्ख चिकटवतात. कागदाहून पातळ. एकाचा गालावर, दुसऱ्याचा गुडघ्यावर. मला ते पटेना. ज्याने राज्य सोडलं त्याला सोनं कशाला, हे माझं म्हणणं मी बसमध्ये तासभर मांडलं.

एका विहाराच्या भिंतीवर तर वानरसेना रंगवलेली. बुद्धाच्या घरात रामायण कशाला, म्हणून मी चिडलो. ताई म्हणाल्या, "भाऊ, पंचवटीहून यांनी आपल्या आधीचं विमान पकडलं वाटतं."

सगळी बस हसली.

मग तो दानाचा दिवस.

एक वयस्क भिक्खू आसनावर बसलेले. चेहरा शांत, मायाळू. ताई गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही हातांवर चीवर ठेवून पुढे केलं.

भिक्खूंनी हात पुढे केला नाही.

त्यांनी एक पिवळं कापड काढून समोर पसरलं. त्याचं एक टोक स्वतः धरलं. ताईंना खूण केली, यावर ठेवा.

ताईंचे हात तसेच राहिले.

गाईडने सांगितलं की भिक्खू बाईच्या हातून थेट काही घेत नाहीत. नियम जुना आहे, सगळ्याच बायकांना आहे, यात अपमान नाही.

त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर ताईंचं गाव आलं. लासलगावच्या पलीकडचं. तिथे लहानपणी त्यांच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे. भांडं हाताला लागू नये म्हणून.

मी उभा राहिलो. माझ्याकडे भाषण तयारच असतं.

ताईंनी मागे न बघता मला थांबवलं. "भाऊ, बसा. हात माझा हाय."

मग त्यांनी गाईडला विचारायला सांगितलं, आईच्या हातूनही घेत नाहीत का? भिक्खू म्हणाले, नाही. आई आजारी पडली तर? ताईंमधली नर्स विचारत होती.

भिक्खूंनी हातातल्या कापडाच्या टोकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तेव्हा हात धरायला माझी बहीण होती."

ताईंचे डोळे भरले. पण त्यांनी चीवर छातीशी घेतलं.

"त्यांना सांगा, राग नाय. पण मी कापडावर ठेवणार नाय."

गाईडने सुचवलं, या भाऊंच्या हाती द्या, ते देतील. मी मानेनेच नाही म्हटलं. भिक्खूंनी आपलं कापड सावकाश घडी करून ठेवलं.

बसमध्ये कुणी हसलं नाही. बायकांनी एवढं शिवलेलं परत नेता, भन्तेंचा मान ठेवला नाही, असं आमचेच लोक बोलले. ताईंनी चीवर पुन्हा मांडीवर घेतलं.

दोन दिवसांनी सुखोथाई या जुन्या राजधानीत चालत्या बुद्धाची मूर्ती पाहिली. एक टाच उचललेली, अंगात पाण्यासारखी लय. ताई तिच्यासमोर खूप वेळ बसल्या.

"बसलेल्याला विचारायची भीती वाटते भाऊ. चालत्याला थांबवून विचारता येतं."

नाशिकला परतल्यावर रविवारच्या वंदनेनंतर त्यांनी सगळं सांगितलं. एकही शब्द न लपवता. एक मावशी तडकल्या, आमची शिलाई वाया घालवलीस.

"वाया नाय गेली. थांबलीय."

मी म्हणायचो, त्यांनी तिथे जाहीर निषेध करायला हवा होता. रूढी जुनी आहे म्हणून शहाणी होत नाही, हे मी आजही कुठल्याही व्यासपीठावरून सांगेन. यावर आमचं कधीच जमलं नाही. त्या म्हणायच्या, "देश चांगला हाय त्यांचा. सोनं लावतात ते पण मायेनंच. हाताचं तेवढं राहिलंय."

चीवर कपाटात राहिलं. दर वर्षावासात, पावसाळ्यात भन्ते मुक्कामाला असले की, कुणीतरी टोमणा मारायचं, ताई, कुणाची वाट बघताय?

काही वर्षांनी नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी धम्मसभेला विदर्भातली एक तरुण भिक्खुणी आली. थायलंडमधला संघ बाईला भिक्खुणी मानतच नाही, हे ताईंना ठाऊक होतं. त्या चीवर घेऊन, रांगेत न थांबता सरळ पुढे गेल्या.

भिक्खुणीने दोन्ही हात पुढे केले. "आणा आई."

हाताला हात लागला. ताईंनी चीवर लगेच सोडलं नाही. थोडा वेळ दोघींनी ते धरून ठेवलं.

काल ताईंची तब्येत ढासळल्याचं कळताच ती भिक्खुणी आली. आज सकाळी तिने त्रिशरण म्हटलं. ताईंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

त्रिशरण म्हणून होईपर्यंत ताईंचा हात तिच्या हातात होता. नंतरही तिने तो सोडला नाही.

ताई, निघा आता. पुढे कुणी कापड पसरणार नाही.

नमो बुद्धाय.