काचेवरची बाई

रस्ता विचारला की मामा हाताने दाखवायचे नाहीत. खाली उतरायचे आणि जीपच्या बॉनेटवर साचलेल्या धुळीत बोटाने रस्ता काढायचे. "ही नदी. हा कालवा. हे वडाचं झाड. हितनं आत घ्या." विचारणारा मान डोलवून गेला की तळहाताने सगळं पुसून टाकायचे. एकदा मी म्हटलं, "मामा, बॉनेट जरा धूत जा." तर म्हणाले, "काहून साहेब? फळा धुऊन काढल्यावर शिकवायचं कशावर?"

मी तेव्हा माजलगावला जनावरांचा डॉक्टर होतो. लसीकरणाची मोहीम निघाली की दवाखान्याला भाड्याची जीप मिळे. जीप मामांची आणि चालवणारेही मामाच. मूळचे दिंद्रुडचे. घरचं किराणा दुकान होतं, ते भाऊ बघायचे. मामांना दुकानात बसणं जमलं नाही. कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून सकाळी सातला दवाखान्यासमोर हजर. मी बर्फाच्या पेटीत लस भरून मागे ठेवली की मागे वळून एवढंच म्हणायचे, "बसा निवांत."

आणि खरंच निवांत बसावं. तालुक्यात कालवे झाल्यापासून चहूकडे ऊस आणि उसातून कालव्याचे रस्ते. सगळे एकसारखे. दोन्हीकडे पुरुषभर ऊस, वर आभाळ, आणि दर मैलाला एक फाटा. नवा माणूस हमखास चुकायचा. मामांच्या डोक्यात मात्र सगळा तालुका होता, आणि तो गावांच्या नावांनी नव्हता. "गेल्या साली ज्या म्हशीचं पारडू आडवं आलतं ना, तिच्या गोठ्यावरनं उजवीकडं," असं ते ड्रेसरला सांगायचे. आमचे ड्रेसर, म्हणजे जनावरांची मलमपट्टी करणारे, निवृत्तीला आलेले, वैतागलेले गृहस्थ. ते म्हणायचे, "अहो, म्हैस विकून टाकली असंल मालकानं." मामा शांतपणे म्हणायचे, "म्हैस गेली आसंल. गोठा कुटं जातोय?"

तुम्हीही असे ड्रायव्हर पाहिले असतील. त्यांच्या शेजारी बसलं की आपलं आपल्याला काही ठरवावं लागत नाही. सात वर्षं मी तसा बसलो. त्यामुळेच असेल, माझ्या लक्षात यायला उशीर झाला.

एका उन्हाळ्यात लाळ-खुरकुताची साथ होती. ज्या गावाला आम्ही निघालो होतो तिथे मामा चाळीसेक वेळा तरी गेले असतील. कालव्याच्या फाट्यावर त्यांनी गाडी थांबवली. लघवीला उतरले असतील असं मला वाटलं. पण ते गाडीपुढे दोन्ही हात कमरेवर ठेवून नुसते उभे होते. एकदा डावीकडे बघत, एकदा उजवीकडे. मग येऊन बसले आणि डावीकडे वळले. तासाभराने आम्ही भलत्याच गावच्या शाळेपुढे निघालो. गावाला पोचेपर्यंत पेटीतल्या बर्फाचं पाणी झालं होतं. दीडशे जनावरं झाडाखाली बांधून लोक सकाळपासून ताटकळले होते. लस टाकून द्यावी लागली.

"कालवा फुटलाय साहेब तिकडं. म्हनून फिरून आलो," मामा म्हणाले.

कालवा फुटला नव्हता. परतताना मी स्वतः पाहिलं.

पुढच्या महिन्यात फाट्याफाट्यांवरच्या बाभळींना निळ्या कापडाच्या चिंध्या बांधलेल्या दिसू लागल्या. मला वाटलं, कुणी नवस केला असेल. मग एक दिवस मामांच्या घरी चहाला गेलो, तर मामी अंगणात तीच निळी साडी फाडत बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी ती पदराखाली घेतली. मामा आदल्या दिवशी मोटारसायकलवरून विचारत विचारत जाऊन दुसऱ्या दिवशीच्या रस्त्यावर खुणा बांधून येत होते. आठवड्याभरात शेळ्यांनी बऱ्याच चिंध्या ओढून खाल्ल्या.

पुढे दसऱ्याला मामींचा पुण्याचा भाचा नवी कार घेऊन आला. तिच्या काचेला एक चपटा डबा चिकटवलेला होता आणि त्यातून एक बाई रस्ता सांगत होती. मामा त्या कारमध्ये तासभर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "साहेब, मला तसला डबा घ्यायचाय. तुमी संगं चला. तुमाला विंग्रजी येतं."

औरंगाबादला त्या वेळी मोटारींच्या सामानाची मोठमोठी काचेची दुकानं झाली होती. दुकानदाराने तीन डबे पुढे ठेवले. एकाचा पडदा मोठा होता. एकात गाणी ऐकता येत होती. एकात वळणाआधी पूल, इमारती अशी सगळी चित्रं दिसत. मामांनी त्यातलं काही पाहिलं नाही. त्यांनी विचारलं, "ह्यात शिरूर आहे का? शिरूर कासार." त्यांची मुलगी तिथे दिलेली होती. दुकानदाराने टाइप केलं, तर पडद्यावर चार-पाच शिरूर आले. मामा म्हणाले, "आपलं कोनतं, ते ह्याला कसं कळंल?" दुकानदार म्हणाला, "ते तुम्ही सांगायचं, काका. एकदा जागेवर जाऊन बटन दाबलं, की ते लक्षात ठेवतं."

"इसरत न्हाई ना?"

दुकानदार हसला. "मशीन आहे काका. विसरेल कसं?"

मामा हसले नाहीत. त्यांनी सगळ्यात लहान डबा उचलला, कारण त्यातल्या बाईचा आवाज मोठा होता. मराठी तिला येत नव्हतं. ती हिंदीत बोलायची. मामा म्हणाले, "चालतंय. बाजारात आमी हिंदीच बोलतो."

परत येताना गेवराई मागे पडल्यावर ते अचानक बोलले. "साहेब, मला कळतंय हां. मी काई येडा न्हाई. सकाळी उठलो की सगळं डोळ्यापुडं आसतं. फाट्यावर गेलं की पुसून जातं." मी म्हटलं, "डॉक्टरला दाखवू." तर म्हणाले, "दाखवलं तर ते लिवून देतेल. लिवून दिलं की गाडी बंद."

मी ते ऐकलं आणि गप्प बसलो. आज लिहिताना ते गप्प बसणं मला सगळ्यात जास्त टोचतं.

पुढचे दोन रविवार आम्ही गावं भरत फिरलो. गावात जायचं, चावडीपुढे गाडी उभी करायची, डब्याला आभाळातून खूण मिळेपर्यंत थांबायचं आणि बटन दाबायचं. मामांना इंग्रजी अक्षर येत नव्हतं म्हणून प्रत्येक गावाला मी आकडा दिला आणि एका वहीत आकड्यापुढे मराठीत गावाचं नाव लिहिलं. एक म्हणजे घर. दोन म्हणजे दवाखाना. तीन म्हणजे मुलीचं घर.

त्या तिसऱ्या आकड्यासाठी शिरूरला गेलो, तेव्हा ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला होता. गल्लीतल्या दहा घरांपैकी सात घरांना कुलपं होती. मुलगी घरी होती. मामा बाहेर डबा हातात धरून आभाळाकडे बघत उभे होते. ती मला चहा देता देता हळूच म्हणाली, "काका, आमचे आन्ना मागच्या खेपंला आले आन् मला म्हनले, कुनाची गं तू? मला वाटलं, मस्करी करतेत."

मी म्हटलं, "थकवा असेल."

"थकवा न्हाई काका," ती म्हणाली. तेवढ्यात बाहेरून मामांनी हाक मारली, "घावलं साहेब! तुमचं शिरूर घावलं!"

एक-दीड महिना चांगला गेला. बाई म्हणायची, "सौ मीटर के बाद बाएँ मुड़िए," आणि मामा म्हणायचे, "हां बाई, वळतो." जीपला पुन्हा वेग आला. लस वेळेवर पोचू लागली. ड्रेसर कुरकुरायचे, "सरळ रस्ता सोडून ही बया आपल्याला गावभर फिरवती." मामा त्यांना गप्प करायचे. "तिला बोलू द्या हो. मधी बोललं की ती रुसती." मी खूश होतो. मला वाटलं, सुटलो.

मग एके सकाळी जीप दवाखान्यापुढे उभी, आणि मामा वही मांडीवर घेऊन बसलेले. घामाने भस्म गालावर ओघळलं होतं. मी म्हटलं, "चला मामा."

"कुटं?"

"अहो, काल सांगितलं ना."

त्यांनी वही माझ्यापुढे केली. "बाई रस्ता सांगती साहेब. पन कुटं जायचं, ते आपुनच सांगावं लागतं तिला."

त्या दिवसापासून आकडा मी दाबू लागलो. ज्या दिवशी मी नव्हतो, त्या दिवशी ते घडलं. मला बीडला बैठकीला जायचं होतं. मी आकडा दाबून दिला, ड्रेसरला पेटी घेऊन पाठवलं आणि बसमध्ये बसलो. पाटबंधाऱ्याच्या लोकांनी एका ठिकाणी कालव्याच्या कडेचा रस्ता खणून ठेवला होता. त्याची खबर डब्याला नव्हती. बाई म्हणाली, सीधे जाइए. ड्रेसर ओरडले, "मामा, रस्ता न्हाई पुडं! थांबा!" मामा थांबले नाहीत. जीप तोंडावर कालव्यात गेली.

पाणी गुडघाभरच होतं. ड्रेसरचं गळ्याजवळचं हाड मोडलं, मामांच्या कपाळाला खोक पडली. शेतातली माणसं धावत आली. ड्रेसरनी नंतर मला दवाखान्यात पडल्यापडल्या सांगितलं, "साहेब, गाडी तोंडावर उभी, अन् हे माझ्याकडं बघून इचारतेत, आपुन कुटं निगालतो? मला राग यायला पायजे होता. पर मला रडू आलं."

या वेळी मला अहवाल लिहावाच लागला. मी लिहिला. जीपचं काम बंद झालं. मामांनी पुन्हा गाडी काढू नये म्हणून घरी जाऊन मी किल्ली मागितली, तेव्हा त्यांनी ती लगेच काढून दिली आणि म्हणाले, "तुमी लई दिवस सांबाळून घेतलं." त्यांना तेवढं कळत होतं, म्हणूनच ते ऐकणं अवघड गेलं.

औरंगाबादच्या डॉक्टरांनी फोटो काढले, तपासण्या केल्या. मामींना खुर्चीवर बसवून त्यांनी सांगितलं की हे वाढत जाणार, याला औषध नाही. मामींनी विचारलं, "मंग गोळ्या कशाच्या दिल्यात?" डॉक्टर म्हणाले, "झोपेच्या."

वर्षभरात सगळं आटोपत गेलं. आधी भावांची नावं गेली, मग जेवल्याची आठवण गेली, मग जेवायचं कसं तेही. मुलगी येऊन राहायची, पण तिलाही तिचं घर होतं. जीप भंगारात गेली. डबा मात्र घरी होता. मामी तो चार्जिंगला लावून ठेवायच्या, कारण बाईचा आवाज ऐकला की मामा थोडा वेळ शांत बसायचे.

एका दुपारी मी गेलो, तर मामा दाराला धरून उभे. अंगात धुतलेला शर्ट, पायात चपला. मला बघून म्हणाले, "बरं झालं आलात. मला घरी सोडा."

"मामा, हे घरच आहे."

"न्हाई हो. ह्या लोकांनी कवाचं बसवून ठेवलंय. घरी वाट बघत आसतेल."

मामी आतून म्हणाल्या, "बोलू नका साहेब, उपेग न्हाई. दिवसभर हेच." मला काय सुचलं कोण जाणे. मी डबा घेतला, एकचा, म्हणजे घराचा, आकडा दाबला आणि त्यांच्या हातात दिला. बाई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आप अपनी मंज़िल पर पहुँच गए हैं."

मामांनी मान वर करून भिंत पाहिली. देवघर पाहिलं. मामींकडे पाहिलं, बराच वेळ. मग डबा कट्ट्यावर ठेवून दिला. "हिलाबी ठाऊक न्हाई," ते म्हणाले, आणि तिथेच खाली बसून रडू लागले.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. निरोप घ्यायला जायचं मी टाळत होतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, फाटकापाशी उभा होतो, तेव्हा एक ऑटोरिक्षा हळूहळू आली. मागच्या सीटवर मामा आणि मामी. मामींनी त्यांचा हात स्वतःच्या मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. शेजारचा रिक्षावाला त्यांना रोज संध्याकाळी घरी सोडण्यासाठी म्हणून बाहेर काढायचा, फाटकापर्यंत आणायचा आणि वळवून परत दारात नेऊन सोडायचा. कधी त्यांना ते घर पटायचं, कधी नाही.

रिक्षा वळायला थांबली. मी पुढे झालो. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि अनोळखी माणसाला करावा तसा, नीट हात जोडून नमस्कार केला. मीही केला. मी रिक्षामागे त्यांच्या गल्लीपर्यंत चालत गेलो.

रिक्षा दारात उभी राहिली. मामांनी वाकून दाराकडे पाहिलं, अंग आखडून घेतलं आणि सीटला पाठ लावून बसून राहिले. मामींनी पदराने त्यांच्या तोंडावरची धूळ पुसली आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "अजून एक चक्कर मारा, भाऊ."