आत्याचा डावा स्पीकर

माझी आत्या नांदेडला एकटी राहते. कचेरीतली नोकरी करून निवृत्त झाली, लग्न केलं नाही, आणि हौस म्हणून आयुष्यात एकच महागाची वस्तू घेतली. ती म्हणजे आखातातून परतलेल्या एका सहकाऱ्याकडचा जपानी स्टिरिओ रिसीव्हर. रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच जड पेटीत, काचेमागं हिरवट उजेड, शेजारी कॅसेट डेक आणि दोन बाजूंना दोन लाकडी स्पीकर.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी लातूरहून तिच्याकडं गेलो, तर डावा स्पीकर मुका. कधीपासून, असं विचारलं तर म्हणाली, झाली की काही वर्षं, एका बाजूनंही गाणं कळतं. दुकानात न्यायला तयार नव्हती. तिथं लोक जुनं बघून हसतात, असं तिचं म्हणणं. मग मीच बघतो म्हणालो. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि बिघडलेली यंत्रं उघडून बसायची मला खोडच आहे.

आधी दोन्ही स्पीकरच्या वायरींची अदलाबदल केली. डाव्या बाजूला जोडताच चांगला स्पीकरही गप्प झाला आणि मुका उजवीकडं वाजू लागला. म्हणजे स्पीकर ठीक, दुखणं पेटीत. मग हेडफोन लावला, तर दोन्ही कानांत स्वच्छ आवाज. मला हुरूप आला. आवाज आत शेवटपर्यंत पोचत होता आणि स्पीकरकडं जाताना अडत होता. त्या वाटेवर रिले असतो, पेटी चालू केली की जरा वेळानं ‘टक्’ करून स्पीकर जोडून देणारा छोटा खटका. माझा संशय त्याच्यावर गेला.

प्लग काढला, आत साठलेली वीज उतरावी म्हणून पेटी तशीच ठेवली आणि आम्ही जेवून घेतलं. मग झाकण उघडलं. धूळ गादीतल्या कापसासारखी बसली होती. ती ब्रशनं झाडून रिलेची टोपी काढली. आतली पाती काळी पडली होती. आत्यानं बॅटरी धरली आणि एका जुन्या लग्नपत्रिकेची बारीक पट्टी कापून दिली. ती स्पिरिटात बुडवून मी पात्यांमधून हलकेच ओढत राहिलो, पट्टी पांढरी निघेपर्यंत.

सगळं जोडून चालू केलं. टक् झालं, पण आता दोन्ही बाजू गप्प. आत्या पेटीकडं बघत राहिली. मी वायरी पुन्हा तपासल्या. मग ध्यानात आलं, पेटी बाहेरून पुसताना स्पीकरचं बटण फडक्यानं दाबलं गेलं होतं. ते पुन्हा दाबलं आणि दोन्हीकडून आवाज आला.

आत्यानं लगेच समोरच्या काकूंना हाक मारली. त्या अर्धापूरची केळी घेऊनच आल्या. पूर्वी गल्लीतल्या बायकांच्या भजनी मंडळात काकू मुख्य गायच्या आणि आत्या झांज वाजवायची. तेव्हा दोन बाजूंना दोन माइक ठेवून भरलेली आणि कित्येक वर्षांत न ऐकलेली कॅसेट आत्यानं लावली. उजवीकडून काकूंचा तरुणपणीचा आवाज आला. डावीकडून ढोलकी, झांज, आणि माइकच्या अगदी जवळ आत्याची कुजबुज: “बघ, आता वर जाऊन राहिली. न्हाई जमायचं हिला.”

मी बंद करायला हात पुढं केला. काकूंनी माझं मनगट धरलं. टेपमध्ये त्यांचा आवाज वर चढला आणि फाटला. झांज थांबली, दाबलेलं हसू ऐकू आलं.

आत्यानं तोंडाला पदर लावला. काकू तिच्याकडं वळल्या. मग अशा हसायला लागल्या की सोफ्याचा हात धरावा लागला.

“तरी म्हणलं, त्या दिवशी झांज मधीच का बंद पडली,” त्या म्हणाल्या.

त्यांनी मला तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितलं. मग ताठ बसल्या आणि आत्याला कपाटातली झांज काढायला लावली.

“धर ताल. आता जाते का न्हाई बघ.”

आवाज जाड झालेला, पण काकू वर गेल्या आणि तिथं निवांत थांबल्या. मी टाळ्या वाजवल्या. आत्याचं म्हणणं, हिनं सुरुवातच लई खालून केली. काकूंचं म्हणणं, केली तर केली, गेले ना वर. दोघींचं एकमत होईना, म्हणून मी चहा ठेवायला उठलो.