आहेराचा डबा आणि कंपनीचा खिसा

"शुभमंगल सावधान" म्हणून भटजींनी श्वास घेतला आणि तेवढ्यात आहेराच्या टेबलावरचा डबा ओरडला, "पाचशे एक रुपये प्राप्त झाले!"

मांडवात हशा पिकला. अंतरपाटाआड नवरीही खुदकन हसली. मी मात्र हातातल्या अक्षता टाकायचीच विसरले. मोबाइलवरून पैसे आले की बोलून सांगणारा तो डबा माझ्या ओळखीचा होता. तो माझ्या अशिलांच्या कंपनीचा होता!

मी अमरावतीत सीए आहे. दर्यापूरचे गजाननभाऊ आणि सलीमभाई कडबाकुट्टीची, म्हणजे जनावरांचा चारा कापायची यंत्रं बनवतात. त्यांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी मीच काढून दिली. कंपनीचं वेगळं करंट अकाउंट उघडा म्हणून कानीकपाळी ओरडले. "उघडतो नं, मॅडम," म्हणत दोघांनी गजाननभाऊंच्या सेव्हिंग खात्यावरच धंदा चालवला. आता गजाननभाऊंच्या लेकीच्या लग्नाचा आहेरही तिथंच!

शेजारी अकोल्याचे जयस्वाल उभे होते. कंपनीला पहिली मोठी ऑर्डर तेच देणार होते. तिच्या भरवशावर दोघांनी नव्या शेडचा पायाही खोदला होता. जयस्वालांनी आहेरासाठी कोड स्कॅन केला आणि मोबाइलवर गजाननभाऊंचं नाव पाहून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"मॅडम, कोटेशनवर हाच कोड आहे. माझा अ‍ॅडव्हान्स मशीनमध्ये जाईन का जिलेबीत? कंपनीच्या नावाचं खातं दाखवा, नाही तर ऑर्डर कॅन्सल."

अक्षता पडल्या तशी मी पंगतीत धावले आणि आहेर कंपनीच्या कोडवर जमा होतोय, हे सांगितलं.

"कावून घाबरून राहिल्या, मॅडम?" गजाननभाऊ म्हणाले. "कंपनी माही, खातंबी माहंच."

"कंपनी माही?" सलीमभाईंनी वरणाची बादली खाली ठेवली. "मंग मी काय वाढपी आहो?"

"कंपनी दोघांचीही नाही," मी म्हटलं. "कायद्यानं ती वेगळा माणूस आहे. तुम्ही तिचे डायरेक्टर. एकट्याचं दुकान असतं तर एक वेळ चाललं असतं. वेगळ्या माणसाला वेगळा खिसा नको का?"

"आणि जयस्वाल ऑर्डर कॅन्सल करायला निघालेत," हे मी सांगितल्यावर मात्र दोघांचे चेहरे पडले.

पाहुणे पांगताच दोघांनी ठराव केला. ठराव म्हणजे खातं कुठं उघडायचं, सह्या कोणी करायच्या, हे डायरेक्टरांनी बैठकीत ठरवून लिहून देणं. बँकेनं खातं उघडलं. जुने व्यवहार वेगळे करताना मात्र आमच्या ऑफिसात हसून हसून पुरेवाट झाली. एका गिऱ्हाइकानं यंत्राचे पैसे 'नांदा सौख्यभरे' लिहून पाठवले होते. नवरीच्या मामाचा आहेर विक्रीत धरून त्यांच्या नावावर तर कडबाकुट्टीचं बिलच फाटणार होतं!

जयस्वालांचा अ‍ॅडव्हान्स कंपनीच्या खात्यात आला, त्या दिवशी गजाननभाऊंचा फोन.

"मॅडम, कंपनी वेगळा माणूस आहे नं? मंग तिनं माह्या पोरीले आहेर कावून नाही देल्ला?"

मी उत्तर देण्याआधीच मागून सलीमभाई गरजले, "त्याच्यासाठी ठराव लागते, अन् मी सही करत नाही! तुह्या खात्यातून दे!"

माझी फी वसूल झाली. दोघांनाही कायदा समजला होता.