फुग्यातले हात

"हिला सोमवारपासून जादा तासाला बसवा. लिहायला येतच न्हाय की पोरीला."

मी भाकरी मोडता मोडता थांबले. शिक्षकखोलीत माझी जागा खिडकीपाशी आहे. तिथून सगळं ऐकू येतं आणि तिथे बसलेल्याला कुणी फारसं काही विचारत नाही. मराठीच्या थोरल्या बाई माझ्याच पाचवीच्या वर्गाचे कागद चाळत होत्या. मराठी शिकवायला मी यंदा नवी, म्हणून माझं काम त्यांच्या नजरेखालून जातं.

"कोण ती?" शेजारच्या सरांनी विचारलं.

"मागच्या बाकावरची, घरी तेलुगू बोलतात ती. हे बघा, चार चौकटी आणि एक अक्षर न्हाय. नुसते हात काढून ठेवलेत." मग आवाज जरासा खाली आला. "आमच्या इंग्लिश मॅडमना चालतंय की सगळं. कॉमिक म्हणे!"

सगळे हसले. 'इंग्लिश मॅडम' म्हणजे मीच; मीही हसले. न हसणं जास्त दिसलं असतं.

जादा तास म्हणजे शाळा सुटल्यावर दुसरीच्या मुलांबरोबर बाराखडी गिरवणं. एकदा तिथे बसलेल्या मुलाला वर्गातली पोरं वर्षभर 'बाराखडी' म्हणूनच हाक मारतात. ही मुलगी आधीच कुणाशी बोलत नाही. त्या हाकेनंतर ती तोंड उघडेल, असं मला वाटेना.

कॉमिकची कल्पना माझी होती. इंग्रजी शाळेत शिकताना मराठीचा लांब परिच्छेद दिसला की मी पान उलटायचे. चित्रकथेतल्या फुग्यात मात्र कुणीतरी माझ्याशी बोलत असायचं, आणि तेही थोडक्यात. म्हणून मी वर्गात चौकटी काढून, फुगे रिकामे ठेवून द्यायचे आणि मुलं ते भरायची. निबंधाला दोन ओळींत दमणारी पोरं फुग्यात जागा पुरत नाही म्हणून भांडायची. एकाने मलाच काढलं होतं. त्यात माझा फुगा सगळ्यांत लहान होता.

या वेळी विषय दिला होता, 'संध्याकाळी आमच्या घरी'. चित्रंही त्यांचीच.

मधल्या सुट्टीनंतर मी तो कागद तिच्या बाकावर ठेवला. "मला वाचून दाखवशील?"

कागदावर तिची आई यंत्रमागावर उभी होती. दारात दप्तर घेऊन ती स्वतः. आईच्या तोंडापासून निघालेला फुगा अगदी नीट, टोकासकट काढलेला, आणि आत एक तिरका तळवा, त्याखाली दोन बोटं.

"माग चालू असताना बोललेलं ऐकू येत नाही, मॅडम," ती पुटपुटली.

"मग?"

तिने तळवा तिरका करून पुढे ढकलला.

"दार लाव म्हणतीया!" पुढच्या बाकावरचा मुलगा वळून ओरडला. "आमच्या घरी बी असंच करत्यात."

"आणि ही दोन बोटं? धागा तुटला ना?" त्यानेच विचारलं.

"न्हाय रे, धाग्याला आमची आई असं करती." त्याच्या शेजारच्याने बोट फिरवून दाखवलं.

"तुमची करत असेल. आमच्या आईचं असंच आहे," ती म्हणाली. वर्गात तिचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मग दुसरी चौकट, तिसरी चौकट तिने स्वतःच वाचली. चुलीवर चहा ठेव. धाकट्याला मागापासून लांब ने. चौथ्या चौकटीत माग थांबलेला होता आणि फुगाच नव्हता.

"इथे?"

"इथे लाईट गेली. लाईट गेल्यावर आई काहीच बोलत नाही. नुसती बसते."

"पण मग हातांऐवजी शब्द का नाही लिहिलेस?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच म्हणालात की मॅडम, घरी जसं बोलतात तसंच फुग्यात घाला."

म्हणाले होते खरी. बाकीच्यांनी त्याचा सोयीचा अर्थ घेतला होता आणि कुणाची आई कधीच बोलणार नाही अशी पुस्तकी वाक्यं लिहिली होती.

शाळा सुटल्यावर शिक्षकखोलीत थोरल्या बाई जादा तासाची नावं उतरवत होत्या. मी दारात उभी राहून वाक्य मनात दोनदा म्हणून घेतलं. मराठीच्या बाईंपुढे मराठीत बोलताना माझं हे नेहमीचंच. तिसऱ्यांदा म्हणायला लागले तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"काय हो मॅडम, काही पाहिजे का?"

सरही बघायला लागले. पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"तिचं नाव घालू नका, बाई. तिने मी सांगितलं तेच केलंय. उद्या माझ्या तासाला या, ती वाचून दाखवेल. आणि एखादा हात तुम्हाला कळला नाही, तर तिलाच विचारा. मी तसंच विचारलं."